पाय खाली की पाय वर?

इचलकरंजीत सर्जन म्हणून दवाखाना थाटला की पाय बघावेच लागतात. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध हे सगळीकडचंच. पण यंत्रमागाच्या गावात पायांची ओपीडी वेगळी भरते. पाळीचे बारा तास मागासमोर उभे असलेले कामगार, सायझिंगमधली माणसं, चहाच्या गाड्यावरचे, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आचारी, प्राथमिक शाळेतल्या बाई. तक्रार सगळ्यांची एकच: "डाक्टर, पाय लई दुखत्यात." निदानही बहुतेकांनी घरूनच आणलेलं असतं. शीर आखडली, नस दबली, गुडघे गेले, नाहीतर वय झालं.

मी पहिल्यांदा विचारतो, "रात्री पाय उशीवर ठेवले की बरं वाटतं, का खाटेखाली सोडले की?"

पेशंट थोडा गोंधळतो, पण उत्तर लगेच देतो. स्वतःच्या पायाला आराम कुठे मिळतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझं निम्मं निदान त्या उत्तरात होतं. पायाकडे रक्त जाणं आणि पायाकडून रक्त परतणं ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या नळ्यांची. जाण्याची वाट बिघडली तरी पाय दुखतो, परतीची बिघडली तरी दुखतो. मात्र एका आजारात जो उपाय पाय वाचवतो, तोच दुसऱ्यात पाय घालवू शकतो.

आपल्याच हातावर एक प्रयोग

रक्त शरीरात गोल फिरतं हे माणसाला फार उशिरा कळलं. त्याआधी सुमारे चौदाशे वर्षं युरोपात गेलनचं मत चालत होतं: रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते वापरून संपवतात. इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याला अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी गुणलं, तर अख्ख्या शरीरात मावत नाही इतकं रक्त होतं. एवढं रक्त रोज नव्यानं येणार कुठून? म्हणजे तेच ते फिरतंय. १६२८ साली त्यानं हे पुस्तक काढून सांगितलं.

त्याचा एक प्रयोग तुम्हाला आत्ता करता येईल. हात खाली सोडा, मनगटामागच्या निळ्या शिरा फुगू द्या. बोटांच्या बाजूला एका शिरेवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं ती शीर कोपराच्या दिशेनं पुसत न्या. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो. रक्त वरून खाली परत येत नाही. खालचं बोट उचला, शीर लगेच भरते. शिरांच्या आत बारीक झडपा असतात आणि त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. हार्वेचे पडुआमधले गुरू फाब्रिसियस यांनी या झडपांचं वर्णन आधीच केलं होतं. त्या कशासाठी आहेत, हे शिष्यानं सांगितलं. आमच्या एका माग कामगाराला मी हे करून दाखवलं तर तो म्हणाला, "म्हंजे वन-वे हाय म्हणा की." याहून सोपं मलाही सांगता येणार नाही.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या धमन्या, हृदयाकडे आणणाऱ्या त्या शिरा. दोन्हींना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वेला दिसल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्या सापडल्या.

ठरावीक अंतरावर थांबणारा पाय

आधी जाण्याची वाट. हे पेशंट विशिष्ट पद्धतीनं बोलतात. "घरातनं निघतोय, मारुतीच्या देवळापत्तूर काय होत न्हाई. देवळाजवळ आलो की पोटरीत गोळा येतोय. दोन मिंटं उभा ऱ्हायलो की गप्प." पुन्हा चालू लागलं की तेवढ्याच अंतरावर पुन्हा गोळा. गावातल्या कुठल्या टपरीपाशी थांबावं लागतं हे त्यांना पाठ असतं.

चालताना पोटरीच्या स्नायूला बसल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं. धमनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचून आणि चुना बसून ती अरुंद झाली असेल, तर बसल्यावेळी पुरणारं रक्त चालताना पुरत नाही आणि स्नायू कळ मारतो. थांबलं की मागणी कमी होते, कळ जाते. मणक्यातली जागा अरुंद झाल्यावरही चालताना पाय भरून येतात, पण त्या माणसाला नुसतं उभं राहून भागत नाही. तो कठड्यावर टेकतो, वाकतो किंवा बसतो. उभ्या उभ्या कळ थांबली तर धमनीचा संशय घ्यायचा, बसावं लागलं तर आधी मणक्याचा.

यानंतरची तपासणी बिनखर्चाची असते. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, एक नाडी लागते. दुसरी लागते आतल्या घोट्याच्या मागे. अडचण एवढीच की ती बघायला वाकून पायाला हात लावावा लागतो. वयस्कर काका पाय झटकन मागे घेतात: "तुमी नका पायाला हात लावू, डाक्टर." मी म्हणतो, "काका, नमस्कार समजा आणि पाय पुढं करा."

काही निरोगी माणसांतही वरची नाडी लागत नाही, म्हणून शंका आली की हातातलं छोटं डॉप्लर यंत्र आणि बीपीचा पट्टा घेऊन घोट्याचं प्रेशर मोजायचं. घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरनं भागलं की जो आकडा येतो तो निरोगी माणसात १ किंवा थोडा वर असतो. ०.९ च्या खाली म्हणजे पायाची धमनी अरुंद झाली आहे. दंडाला १४० आणि घोट्याला ७० भरले तर आकडा ०.५, अशा पायाला निम्म्याच दाबानं रक्त मिळतंय.

आजार वाढला की बसल्याजागीसुद्धा रक्त पुरेनासं होतं. कळ पोटरीतून पावलात उतरते आणि रात्री झोपू देत नाही. माणूस पाय खाटेखाली सोडतो, कारण खाली सोडल्यावर गुरुत्वाकर्षणानं थोडं रक्त जास्त उतरतं. काही जण खुर्चीत बसून रात्र काढतात. असा पाय वर उचलून धरला की मिनिटाभरात पांढरा पडतो आणि खाली सोडला की हळूहळू लालजांभळा होतो. ही शेवटच्या टप्प्याची खूण. यापुढे नखाच्या कडेला न भरणारी जखम, आणि मग काळं पडलेलं बोट.

बिडी, मिश्री आणि तरुण पाय

आमच्या भागात धमन्यांचा पहिला शत्रू तंबाखू. दुसरा मधुमेह. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. रूपं किती, ते ओपीडीत कळतं. "तंबाखू खाता का, मावशी?" विचारलं की ठाम नकार येतो. "दात कशानं घासता?" विचारलं की "मिश्रीनं." भाजलेली असली तरी मिश्री तंबाखूच आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी हिरडीवर चोळलेलं निकोटिन रक्तात उतरतं आणि धमन्या आवळतं.

बिडीचं एक वेगळं प्रकरण आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी कापून काढलेले पाय तपासून एका आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यात कोलेस्टेरॉलचा फारसा संबंध नसतो. हातापायाच्या बारीक आणि मध्यम वाहिन्यांना सूज येऊन त्या आतून बंद होतात. पेशंट बहुतेक तरुण पुरुष, चाळिशीच्या अलीकडचे, आणि तंबाखूचं व्यसन असलेले. पश्चिमेत हा आजार आता कमी दिसतो; आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत अजून भेटतो. कमावत्या माणसाचं आधी एक बोट जातं, मग पाऊल. औषधं, ऑपरेशनं यांचा उपयोग मर्यादित. व्यसन पूर्ण सुटलं तर मात्र आजार बहुधा तिथंच थांबतो. "दिवसाला दोनच ओढतो" हे या आजारात चालत नाही. दोन बिड्यांनीसुद्धा तो जागा राहतो.

नेहमीच्या, चरबीनं अरुंद झालेल्या धमन्यांसाठी आज हातात बरंच काही आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टॅटिन, बीपी आणि साखर ताब्यात. आणि चालणं. कळ येते म्हणून चालणं सोडणारे पेशंट खूप. त्यांना उलटं सांगावं लागतं. कळ येईपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, तीन महिने. पुष्कळांचं थांबायचं ठिकाण देवळापासून पुढं सरकतं. एवढ्यानं भागलं नाही, रात्रीची कळ किंवा जखम असेल, तर फुग्यानं धमनी रुंद करायची किंवा बायपास.

फुग्याच्या या उपचाराची सुरुवात हृदयात नव्हे, पायात झाली. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई होती. पाऊल सडत चाललेलं, आणि पाय कापायला तिची साफ ना. डॉटरनी मांडीच्या धमनीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाऊल उबदार झालं, जखम भरली, ती स्वतःच्या पायांवर चालत राहिली. दहा वर्षांनी आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी नळीवर फुगा बसवला, तोही आधी पायासाठीच, आणि १९७७ मध्ये झुरिकला तो हृदयाच्या धमनीत नेला. हृदय आणि पाय यांचा संबंध उलट दिशेनंही आहे. पायाची धमनी अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा धड नसतात. पोटरीचा गोळा हा पुढच्या हार्ट अ‍ॅटॅकचा किंवा लकव्याचा आगाऊ निरोप असू शकतो.

परतीची वाट

आता दुसरा पाय. संध्याकाळी जड होणारा, घोट्यावर सुजणारा, चपलेचा पट्टा रुतवणारा. पोटरीवर वेड्यावाकड्या निळ्या शिरा. रात्री उशीवर ठेवला की हलका, सकाळी पुन्हा पहिल्यासारखा. ही परतीच्या वाटेची तक्रार, व्हेरिकोज व्हेन्स.

घोट्यातून हृदयापर्यंत रक्त चढवायचं तर तिथं हृदयाचा जोर फारसा उरलेला नसतो. ते काम पोटरीचा स्नायू करतो. पाऊल टाकलं की तो शिरा पिळतो, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत, आणि रक्त टप्प्याटप्प्यानं वर जातं. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर असतो. चालू लागला की तो तीसच्या खाली येतो. चालण्यानं हे दुखणं होत नाही. एका जागी खिळून उभं राहण्यानं वाढतं. आईवडिलांकडून आलेला कल, बाळंतपणं, वजन आणि वर्षानुवर्षांचं उभं काम यांनी शीर रुंदावली की झडपेची पाकळी पाकळीला टेकत नाही आणि रक्त खाली घसरतं.

बऱ्याच जणांना याचा आयुष्यभर फार त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांची आतल्या घोट्याच्या वरची त्वचा आधी तपकिरी पडते, कारण शिरेबाहेर झिरपलेल्या रक्तातलं लोह तिथं साचतं. मग खाज, मग जखम. या जखमेवर कॅप्सूल फोडून पावडर टाकतात, हळद दाबतात, मलम बदलत राहतात आणि ती वर्षानुवर्षं वाहते. तिला मुख्यतः हवा असतो दाब: पावलापासून गुडघ्यापर्यंत नीट बांधलेला थरांचा पट्टा, नंतर घट्ट मोजा. मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवायचा, सूज आल्यावर चढवला तर उपयोग थोडा. बिघडलेली शीर पूर्वी ओढून काढत. आता बहुतेक वेळा लेसरनं किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेनं आतूनच बंद करतात, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो.

एक सूचना घरोघरी लावून ठेवण्यासारखी. अशी शीर फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते आणि लोक घाबरून मांडीला फडका आवळतात. त्यानं परतीची वाट बंद होऊन रक्त आणखी वाहतं. माणसाला आडवा करा, पाय उंच धरा, फुटलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून ठेवा. बहुधा काही मिनिटांत रक्त थांबतं. मग दवाखान्यात या.

सुरुवातीच्या प्रश्नाला इतकं महत्त्व का, ते आता लक्षात येईल. घट्ट मोजा आणि उंच उशी हे शिरेच्या आजाराला औषध आहे. धमनीच्या आजाराला तेच अपायकारक: आधीच कमी पोचणारं रक्त मोज्यानं आणखी अडतं. शेजारणीला मोज्यानं बरं वाटलं म्हणून काउंटरवरून तसाच मोजा घेतलेला आणि आठवड्यात बोट काळं पडलेला पेशंट मी पाहिला आहे. मोजा द्यायच्या आधी पायाची नाडी बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

एकच पाय अचानक सुजला तर

दोन्ही पाय हळूहळू सुजणं आणि एकच पाय एक-दोन दिवसांत टम्म होणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात खोल शिरेत गुठळी झाली असण्याचा संशय घ्यावा लागतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत दुखतं, माणूस दगावू शकतो. रक्त संथ होणं, शिरेच्या भिंतीला इजा, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल, ही तीन कारणं रुडॉल्फ फिरखॉ यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामापासून शिकवली जातात.

१९४० मध्ये लंडनवर बाँब पडत असताना लोक तळघरांत आरामखुर्च्यांवर रात्री काढत. खुर्चीची पुढची कड मांडीमागे रुतायची. बाँबनं न मरता अशा गुठळ्यांनी मरणारी माणसं कीथ सिंप्सन या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या नजरेला आली आणि त्यांनी ते छापलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. एकूण धोका तरीही लहानच. पण पूर्वी गुठळी झालेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसानं रात्रभराच्या ट्रॅव्हल्समध्ये बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. इतरांनी पाणी प्यावं, टाच-चवडा हलवत राहावं, ढाब्यावर गाडी थांबली की उतरावं.

घरातली जोखीम याहून मोठी आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचे. नेमका तोच सव्वा महिना आपल्याकडे बाळंतिणीला खाटेवरून उठू न देण्याचा. शेक, डिंकाचे लाडू, अळीव सगळं राहू द्या. पण तिला घरात हिंडू द्या. सिझर झालं असेल तर जास्तच.

ज्या पायाला दुखतच नाही

आतापर्यंतचे पाय निदान दुखत होते. मधुमेह ती सूचनाच काढून घेतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. जुन्या मधुमेहात पावलाच्या नसा बधिर होतात आणि धमन्याही अरुंद होतात. रक्त कमी आहे, पण कळ येत नाही. चपलेतला खडा दिवसभर टोचतो आणि कळत नाही. भेगांवर बिब्बा फासतात, थंडीत गरम पाण्याची पिशवी लावतात, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतात; कातडी भाजते आणि संध्याकाळी सुनेला दिसतं. अशा धमन्यांत चुना बसून त्या कडक झालेल्या असल्या तर घोट्याचं प्रेशरही खोटं, चढं येतं. म्हणून मधुमेह्यानं रोज तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा, नाहीतर घरच्यांनी बघायचे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचे, साखर उत्तम असली तरी.

एका परिस्थितीत मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. पाय अचानक थंडगार, पांढरा, असह्य दुखणारा आणि मग बधिर झाला, तर हृदयातून सुटलेली गुठळी धमनीत अडकलेली असू शकते. अनियमित ठोके असलेल्यांत, लहानपणच्या ताप-सांधेदुखीनं झडप खराब झालेल्यांत हे होतं. हातात साधारण सहा तास असतात. अशी गुठळी फुगा लावलेल्या बारीक नळीनं ओढून काढता येते. अमेरिकेच्या थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवली, पहिला फुगा सर्जनच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचा, गळाच्या गाठींनी बांधलेला. पण ती नळी वापरायला पेशंट वेळेत यायला हवा. चोळत, शेकत बसण्यात रात्र गेली की सकाळी पाय वाचवणं हातात राहत नाही.

तेव्हा पाय दुखले तर दवाखान्यात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून जा: कळ चालताना येते की उभं राहून, थांबल्यावर जाते की बसल्यावर, आणि रात्री पाय वर बरा वाटतो की खाली. मोजे-चपला काढायची तयारी ठेवा. आणि डॉक्टरांनी पायाला हात न लावताच गोळ्या लिहायला घेतल्या, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा पायाची नाडी बघता का?" आमच्यापैकी कुणाला राग आला, तर येऊ दे. पाय तुमचा आहे.